डाव्या हाताची कड

वास आधी पोरांना आला. शरणबसप्पा फळ्याशी आडवा उभा राहून नसेची पेशी काढत होता. उजव्या हातात खडू होता आणि डावा हात मागं टेबलावर टेकलेला. टेबलावर स्पिरिटचा दिवा होता, दिव्यावर लोखंडी तिपाई. तिच्यावर काचपट्टी ठेवून त्यानं नुकतंच बेडकाचं रक्त वाळवून दाखवलं होतं आणि दिवा विझवायचा राहून गेला होता. फळ्यावर बाकीच्या पेशी काढून झाल्या होत्या. कातडीच्या, शहाबादी फरशीसारख्या एकीला एक लागून बसलेल्या. रक्ताच्या, मधे चेपलेल्या चकत्या. स्नायूच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. आता शेवटची. तिचं डोकं कोळ्याच्या अंगासारखं आणि खाली एक लांबच लांब शेपूट. ते शेपूट फळ्याच्या कडेपर्यंत नेत तो म्हणत होता, ही पाठीच्या कण्याजवळ बसते आणि हिचा धागा पार बोटाच्या टोकापर्यंत जातो. तेवढ्यात पहिल्या बाकावरचा लिंबाजी ओरडला, "सर, हात! तुमचा हात जळतोय!"

त्यानं वळून पाहिलं. करंगळीखालची तळहाताची कड तिपाईच्या पायाला टेकलेली होती. हात उचलला तेव्हा कातडीचा एक पापुद्रा लोखंडालाच राहिला. सगळ्या वर्गानं एकदम दातांतून हवा आत ओढली. त्यानं ओढली नाही. तो हाताकडे पाहत राहिला. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्याला बघायला दिलाय, असं काहीसं वाटत होतं. मग पोरं हाताकडे नाही, आपल्या तोंडाकडे बघताहेत हे त्याच्या लक्षात आलं. तेव्हा तो म्हणाला, "अय्यो, अव्वा!" आणि भाजल्यावर माणूस झटकतो तसा हात झटकला. हे सगळं उशिरा झालं. किती उशिरा ते त्यालाही सांगता आलं नसतं, पण लिंबाजीच्या कपाळावर एक बारीक आठी पडलेली त्याला दिसली आणि ती त्याला चटक्यापेक्षा जास्त लागली.

हेडमास्तर हैदराबादचे, वयानं मोठे, सदा सर्दीनं बेजार असलेले गृहस्थ होते. त्यांनी जखम लांबूनच पाहिली, डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "जाओ मास्टर साब, घर जाओ. बहोत जलता होंगा." तो हो म्हणाला आणि उन्हात बाहेर पडला. उस्मानाबादेत चैत्रातली दुपार म्हणजे रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. धारासूरमर्दिनीच्या देवळाच्या बाजूनं येणारा वारा गरम होता. तो गालाला लागत होता, कानाला लागत होता, रुमाल गुंडाळलेल्या हातालाही मनगटाच्या वर लागत होता. करंगळीपाशी मात्र काही नव्हतं. दुखत नव्हतं असं नव्हे. तिथं काही नव्हतंच. त्यानं चालता चालता उजव्या हाताची बोटं डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खोबणीत घातली. तिथं एक दोरी लागली. सुतळीएवढी, कडक. दाबली तशी मात्र ती दुखली आणि तो रस्त्यातच थांबला.

नाव त्याला माहीत होतं. नाव माहीत असणं हाच त्याचा धंदा होता. निजामाच्या शाळेतल्या उर्दू पुस्तकात पेशीला ख़लिया म्हणतात. पोरांना कळत नाही म्हणून तो दार लोटून घेऊन हळूच मराठीत सांगायचा, आणि घरी मुलीला कानडीत. हैदराबादला कॉलेजात असताना त्यानं पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच्याच गालाच्या आतला खरवडा पाहिला होता. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नव्हतं. आनंदानं की भीतीनं, ते आठवत नव्हतं. आपण एक नाही, कोट्यवधी आहोत आणि त्यातल्या कुणालाही आपलं नाव ठाऊक नाही, असं काहीतरी वाटलं होतं. सगळ्या एकाच पेशीतून निघालेल्या. निघताना सारख्या. मग एक पातळ होऊन कातडी होते आणि आयुष्यभर झिजत राहते. एक चुना साठवून हाड होते. एक डोळ्यात जाऊन बसते, तिला उजेडाशिवाय दुसरं काही समजत नाही. परवाच लिंबाजीनं विचारलं होतं, "सर, त्यांना कोण सांगतं, तू हे व्हायचं म्हणून?" त्यावर त्यानं पुस्तकातलं उत्तर दिलं होतं, जागा आणि काम. उत्तर बरोबर होतं. पण ते देताना तो दमल्यासारखा झाला होता. हल्ली बरोबर उत्तरांनीच जास्त दमायला व्हायचं.

आणि मग घराच्या वळणावर त्याला दोड्डप्पा आठवला. वडिलांचा थोरला भाऊ वीरप्पा. मुरुमला त्यांची पेढी होती, घर माणसांनी भरलेलं. पण दोड्डप्पा मळ्यातल्या खोपीत राहायचा. राखण करतो, असं घरात सांगायचे. सुट्टीत सगळी पोरं मळ्यात पळायची, कारण दोड्डप्पासारखा शूर माणूस गावात नव्हता. तो तव्यावरची ज्वारीची भाकरी नुसत्या हातानं उलटायचा, चुलीतला लाल निखारा चिमट्याशिवाय उचलून चिलमीवर ठेवायचा. पोरं ओरडायची, दोड्डप्पा, इन्नोम्मे, पुन्हा एकदा! आणि तो हसत पुन्हा निखारा उचलायचा. त्याच्या हसण्यात भुवया हलायच्या नाहीत, कारण भुवया नव्हत्याच. घरातल्या लग्नात तो कधी दिसला नाही. मेला तेव्हा मळ्यातच पुरला, आणि जंगमस्वामी आले ते बांधावर उभे राहूनच परत गेले. बायका कानडीत, आवाज बसवून म्हणायच्या, दोड्ड रोग, म्हणजे मोठा रोग. शरणबसप्पाला वाटायचं, दोड्डप्पाचा म्हणून दोड्ड. पुढं कॉलेजात पुस्तकात चित्र पाहिलं तेव्हा सगळं समजलं होतं. तरी निखारा उचलणारा शूर माणूस मनातून कधी गेला नव्हता. तो आता गेला. वळणावर, दुपारी, एका मिनिटात गेला, आणि त्याच्या जागी आगीत हात घालून पोरांना हसवणारा एक एकटा म्हातारा उरला.

घरी बायकोनं, सिद्धम्मानं, रुमाल सोडला आणि तोंडावर हात घेतला. "असं कसं भाजलं री? लक्ष कुठं होतं तुमचं?" तिनं कोरफडीचं पान चिरलं, गर काढला, आणि पिसानं लावावा तसा लावत राहिली. "दुखतंय?"

"दुखतंय."

"लई?"

"लई."

ती आणखी हळू लावू लागली. चार वर्षांची नागम्मा धावत आली आणि फुंकर घालायला म्हणून तिनं तोंड पुढं केलं. शरणबसप्पानं हात इतक्या जोरात मागं घेतला की कोरफडीची वाटी उलटली. पोरगी घाबरून आईच्या मागं गेली. "अप्पाचं दुखतंय ना राणी," सिद्धम्मा म्हणाली. "जवळ जाऊ नको." हे वाक्य आपल्याला म्हणायचं होतं आणि ते हिनंच म्हणून टाकलं, याचा त्याला एक क्षण हलकेपणा वाटला. मग त्या हलकेपणाचीच किळस आली. पुढचे दिवस त्या जखमेच्या आडोशानं गेले. पोरीला मांडीवर घ्यायचं नाही, तिच्या ताटातलं उचलायचं नाही, तिच्याशेजारी निजायचं नाही, कारण अप्पाचा हात दुखतोय. सकाळी इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, तर तळहाताला पट्टी. त्यानं लिंग नुसतं कपाळाला लावून परत गळ्यातल्या चांदीच्या डबीत ठेवलं. तेव्हा त्याला कळलं की गेले कित्येक महिने आपण पूजेत डोळे मिटलेलेच नाहीत. लिंग हातातून घसरेल की काय म्हणून सारखे त्याच्याकडे बघत होतो आणि त्याला भक्ती समजत होतो.

जखम भरत होती. हेच सगळ्यात विचित्र होतं. पू झाला नाही, पट्टी बदलताना दिसायचं, कडेकडेनं नवी गुलाबी कातडी सरकत येतेय. पांढऱ्या पेशी आल्या असणार, मेलेलं खाऊन गेल्या असणार. रक्तानं आपलं काम केलं, कातडीनं केलं. वर्दी कुणी दिली नव्हती, मालकाला पत्ता नव्हता, तरी ती अडाणी, आंधळी माणसं मुकाट्यानं भिंत बांधत होती. आणि ज्या एकीला सगळ्यात लांब केलं, सगळ्यात नाजूक केलं, जिला कळण्यापलीकडे दुसरं काम दिलं नाही, तीच गप्प. कातडी रोज मरते आणि रोज जन्मते. रक्त काही महिन्यांत नवं होतं. ती मात्र आपल्याबरोबर आईच्या पोटात आलेली आणि आपल्याबरोबरच जायची. तिच्या जागी दुसरी येत नाही. हे त्यानं किती वर्षं शिकवलं होतं, किती सहज. आता पट्टी बांधताना त्याला त्या गुलाबी कातडीचा राग यायचा. कशाला एवढी धडपड? कुणासाठी?

मग एका गुरुवारी तो हात दाखवून येतो म्हणून सोलापूरला गेला. इथल्या दवाखान्यात गेलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. मोटार तुळजापूरवरून घाट उतरली. हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर सगळ्यांना खाली उतरवलं, गाठोडी सोडायला लावली. त्याच्याकडे गाठोडं नव्हतं. नाकेदारानं त्याच्या पट्टीकडे पाहिलं आणि विचारलं, "ये क्या है?" "जळालंय," तो म्हणाला. नाकेदारानं जा म्हणून हात हलवला. गाडीत परत बसताना शरणबसप्पाच्या मानेला घाम फुटला होता. आपण खरंच काहीतरी चोरून नेतोय आणि पकडले गेलो नाही, असं वाटत राहिलं. खालसातलं, इंग्रजी मुलखातलं, ऊन तेच होतं. फक्त पाट्या मराठीत.

डॉक्टर म्हातारे होते, बोलायला कोरडे. त्यांनी त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाची वात हातावरून फिरवली. "लागलं की बोट दाखवा." तो दाखवत गेला. इथं. इथं. मग बराच वेळ काही झालं नाही. त्याला वाटलं, डॉक्टर थांबलेत. डोळे उघडले तर वात करंगळीवरून फिरतच होती. त्यांनी कानाच्या पाळीला आणि हातावरच्या एका फिक्या चट्ट्याला बारीक छेद देऊन काचपट्टी केली, रंगवली आणि पुष्कळ वेळ सूक्ष्मदर्शकात पाहिली. मग खुर्ची सरकवून म्हणाले, "तुम्ही शास्त्राचे मास्तर. बघा."

त्यानं डोळा लावला. निळ्या पार्श्वभूमीवर त्याच्याच पेशी होत्या. लाल काड्या, म्हणजे रोगाचे जंतू, शोधायच्या होत्या; त्या कुठं दिसत नव्हत्या.

"नाहीत," तो म्हणाला.

"मलाही सापडल्या नाहीत. हा महारोगाचा सौम्य प्रकार. तुमचं अंग त्याच्याशी भांडतंय, म्हणून जंतू थोडे. पण त्या भांडणात नस चिरडली जाते. दर आठवड्याला कडू कवठाच्या तेलाची इंजेक्शनं घ्यायची. दुखतात. घ्यायची."

"नस परत येईल?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही पोरांना काय सांगता?"

तो पट्टीचं सुटलेलं टोक खोचू लागला.

"मग तेच," डॉक्टर म्हणाले. "आहे ते राखायचं. गरम, धारदार, सगळं डोळ्यांनी बघून धरायचं."

"मला चार वर्षांची मुलगी आहे."

बाहेर गिरणीचा भोंगा झाला, तो संपेपर्यंत डॉक्टर थांबले. "तुमच्यापासून धोका कमी. पण कमी म्हणजे नाहीच, असं मी म्हणणार नाही. मुलांना हा लवकर धरतो. वर्ष-दोन वर्षं ती दुसरीकडे राहिली तर मला बरं वाटेल. मोठ्या माणसांचं एवढं नाही. बायकोला सांगितलंय?"

"नाही."

"सांगा," डॉक्टर म्हणाले. "हा लपवला की वाढतो, असं शास्त्र म्हणत नाही. मी म्हणतो."

परतीच्या मोटारीत दंड इंजेक्शननं ठणकत होता. त्या ठणक्यावर तो सगळा रस्ता लक्ष ठेवून बसला. खांद्याच्या खाली एक चांगली, जिवंत, रागीट वेदना होती. कुणीतरी दार ठोठावत असावं तशी. तुळजापूरच्या घाटात त्याला वाटलं की आपण सांगणार नाही. हाताला लकवा आलाय म्हणू, तेलाची सुई लकव्याची म्हणू. पोरीला काहीतरी निमित्त काढून लांब ठेवू. माणसाला काय, वर्षानुवर्षं राखण करतो म्हणूनही ठेवता येतं. हे वाक्य मनात पुरं झालं आणि तो सीटवर ताठ बसला. दोड्डप्पाला कुणी कधी विचारलं होतं का, तुला काय झालंय ते ठाऊक आहे का म्हणून? की घरच्यांनी आपसांत ठरवलं आणि त्याच्या हातात राखणीची काठी दिली?

दुसऱ्या दिवशी दुपारी सिद्धम्मा ज्वारी पाखडत होती. नागम्मा शेजारी खेळायला गेली होती. शरणबसप्पा उंबऱ्यावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. कापसाची वात, कोपरातली दोरी, रोगाचं नाव, पोरगी. सूप थांबलं. ती रडेल असं त्याला वाटलं होतं, किंवा उठून जाईल. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजी त्या दिवशी तुम्हाला दुखत न्हवतं?"

"नाही."

"म्या विचारलं तवा लई दुखतंय म्हणालात."

"हो."

"कोरफड म्या तुमच्या तोंडाकडं बघून लावायची," ती म्हणाली. तिचा आवाज चढला तसा त्यात माहेर आलं, कानडी आली. "याक री? का? तुमचं तोंड वाकडं झालं की म्या हात मागं घ्यायची. पट्टी सोडायची म्हटलं की म्या सकाळपासून भ्यायची. आन तुम्ही बसून बघत होतात? कसं करतेय ते?"

"तुला भीती वाटू नये म्हणून."

"भीती वाटायची तर खऱ्याची वाटू द्या की. खोट्याची कशाला?" तिनं सूप भिंतीला टेकवलं. ज्वारी सांडली, तिनं पाहिलं नाही. तिला रोगाचं काय वाटलं, ते तिनं त्या दिवशी सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. मग ती उठली, दाणे गोळा करू लागली आणि त्याच्याकडे पाठ करून म्हणाली, "नागीला जळकोटला, माझ्या माहेरी धाडू. अव्वा सांभाळील. म्या जात न्हाय."

"तूही जा. दोघी राहा तिथं."

"आन तुमचा हात? चुलीवर पडला तर तुम्हाला कोण सांगणार? शाळंतली पोरं?"

सोमवारी तो हेडमास्तरांच्या खोलीत गेला. दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बाहेर पोरं पाढे म्हणत होती. हेडमास्तर नाकाला रुमाल लावून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी रुमाल नीट घडी करून खिशात ठेवला. वरून हुकूम आला तर या माणसाला एका दिवसात घरी बसवावं लागेल, हे दोघांनाही ठाऊक होतं. "मास्टर साब," ते म्हणाले, "हमारे कान सर्दी से बंद हैं. हमने कुछ सुना नईं. आप जुमेरात को सोलापूर जाते, सो जाते." आणि मग, तो वळल्यावर, "पोरांच्या जवळ बाक घेऊ नका. फळ्यापाशी उभे राहून शिकवा," असं मोडक्या मराठीत म्हणाले. त्यांना मराठी येते हे त्याला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात जळकोटहून सासूबाई आल्या. शांताक्का, उंच, हाडापेरानं मोठ्या. त्यांना किती सांगितलं होतं ते सिद्धम्मालाच ठाऊक. त्या जावयाशी रोजच्यासारख्याच बोलल्या, फक्त पाणी द्यायला तो उठला तेव्हा म्हणाल्या, "राहू द्या, मी घेते." त्यांनी ते इतक्या मऊपणानं म्हटलं की त्याला रागावताही आलं नाही. नागम्मा आज्जीकडे शेळीचं करडू आहे म्हणून खुशीत होती. मोटारीच्या अड्ड्यावर तिनं आईला घट्ट मिठी मारली, मग त्याच्याकडे धावली. त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि मान खाली वाकवून तिला म्हणाला, "करडाला नाव ठेव हं." ती मधेच थांबली. काय नाव ठेवायचं याचा विचार करत उभी राहिली, आणि त्या विचारात मिठीचं विसरून गेली. शांताक्कांनी तिला उचलून आत घेतलं. मोटार सुटली तेव्हा पोरगी खिडकीशी नव्हती. पलीकडच्या बाजूला बैल बघत बसली असावी. धूळ बसेपर्यंत दोघं तिथंच उभी राहिली.

परत येताना बाजार अर्धा बंद होता. उन्हं कलली होती. कुठल्यातरी बंद दुकानाच्या पायरीपाशी सिद्धम्मा म्हणाली, "जरा बसते," आणि बसली. चार माणसांत, भर रस्त्यावर ती कधी अशी बसायची नाही. तो बाजूला बसला, मधे चांगली हातभर जागा ठेवून. पानवाल्यानं एकदा पाहिलं आणि मग दुसरीकडे बघायला लागला. ती रडत नव्हती, नुसती दमली होती, उपासाच्या दिवशी विहिरीवरून चार खेपा करून यावं तशी. "तिला झोपताना कान धरायला लागतो," ती एकदम म्हणाली. "अव्वाच्या कानात लई मोठी कुडी हाय. टोचंल तिला."

"काढून ठेवील अव्वा."

"व्हय. काढून ठेवील."

मग ती सरकली. मधली जागा गेली. तिनं डोकं त्याच्या डाव्या खांद्यावर टाकलं, टेकवलं नाही, टाकलं, सगळं वजन सोडून. काल गुरुवारी सुई दिलेला दंड तिथंच खाली होता. तो चमकला, कळ पार मानेपर्यंत गेली. त्यानं ओठ आवळले आणि तो हलला नाही.